झुडपांवर फवारलं, आठ दिवसांत डास परत हजर: चुकतं कुठे?

जून सरला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सूर लागतो. "परवाच फवारणी झाली ना? मग संध्याकाळी बाकावर पाच मिनिटं का बसवत नाही?" गेल्या वर्षी बागेचं खातं माझ्याकडे होतं, त्यामुळे उत्तर मीच द्यायचं. जुलै ते नोव्हेंबर आम्ही सहा वेळा फवारून घेतलं आणि सहाही वेळा तेच झालं: चार-पाच दिवस बरे गेले, आठव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. पेस्ट कंट्रोलवाले म्हणायचे औषध चांगलं आहे, पाऊस नडतोय. सभासद म्हणायचे नुसतं पाणी मारून जातात. माळीकाका काहीच म्हणत नसत. निम्मं उत्तर त्यांच्याच कात्रीत होतं, पण ते कळायला ऑक्टोबर उजाडला.

आम्ही पुण्यात, एका नाल्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो. ९६ फ्लॅट, भोवती दुरंताची कुंपणझाडी, मागे अळू, हेलिकोनिया आणि अरेका पामची दाट सावली. ज्यांच्याकडे थोडाफार असाच पसारा आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी हे बघा, तुमच्याकडे नेमकं काय फवारतात

"फवारणी" या एका शब्दात आपण तीन वेगवेगळी कामं कोंबतो. पहिलं धुराचं. त्याचे थेंब इतके बारीक असतात की ते हवेत तरंगतात आणि त्या वेळी उडत असलेल्या डासाला लागतात. धूर विरला की काम संपलं, पानावर उपयोगाचं काही उरत नाही. दुसरं, साचलेल्या पाण्यात टाकायचं अळीनाशक. आणि तिसरं म्हणजे झाडोऱ्यावर मारायचं, मागे टिकून राहणारं औषध. ही पोस्ट या तिसऱ्याबद्दल आहे. आमच्याकडे पहिल्या दोन वेळा पैसे तिसऱ्याचे गेले आणि आला होता नुसता धूर. लोक खूश होते, कारण धूर दिसतो.

टिकणाऱ्या औषधामागचा विचार साधा आहे. डास दिवसभर उडत नाही. उन्हाच्या वेळी तो गार, ओलसर, अंधाऱ्या जागी बसून राहतो, आणि बागेत अशी जागा म्हणजे दाट झुडपाच्या आतली पानं आणि त्यांची खालची बाजू. तिथे औषधाचा थर असला की ते पायांतून अंगात जातं आणि डास मरतो. हिवतापाच्या मोहिमेत घराच्या भिंतींवर डीडीटी मारायचे ते याच तत्त्वावर. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर गावोगाव फवारणीवाले यायचे आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचे, हे आजी-आजोबांना विचारलंत तर आठवेल.

पण भिंत आणि पान यांत फरक आहे. घरातल्या भिंतीवर ऊन पडत नाही, पाऊस पडत नाही. भिंतीला नवी पालवी फुटत नाही आणि दर पंधरा दिवसांनी तिला कोणी कापत नाही. झाडोऱ्यावरची फवारणी फसते ती बहुतेक याच चारांपैकी कशाने तरी. उरलेल्या वेळी औषध जागेवर असतं, पण चावणारा डास तिथे बसायलाच येत नाही.

किती दिवसांनी परत आले, ते लिहून ठेवा

"डास खूप आहेत" यावरून काहीच शोधता येत नाही. मी एक काळी पँट यासाठीच बाजूला काढली. डास गडद रंगावर येतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावायचं, रोज संध्याकाळी सूर्य मावळताना त्याच बाकापाशी पाच मिनिटं उभं राहायचं आणि पँटवर बसणारे डास मोजून कॅलेंडरवर आकडा टाकायचा. फवारणीच्या आदल्या दिवशी २३ होते. दुसऱ्या दिवशी ९, चौथ्या दिवशी ७, आठव्या दिवशी २१. हे चार आकडे हातात आल्यावर पेस्ट कंट्रोलवाल्यांशी बोलण्याची तऱ्हाच बदलली.

फवारल्यानंतरही आकडा हललाच नाही तर औषध डासापर्यंत पोचलेलं नाही, किंवा डास वेगळा आहे. आधी उतरून आठवड्यात चढला तर औषध उडालं, नाहीतर आवारातच नवा पुरवठा चालू आहे. तीन-चार आठवडे तग धरून मग चढला तर तक्रार करू नका. पानावर औषध टिकण्याचा साधारण काळ काही आठवड्यांचाच असतो. "सहा महिने गॅरंटी" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यांना चहा पाजून निरोप द्या.

आमचा पहिला प्रश्न २३ चे ९ च का झाले, २ का नाही, हा होता. दुसरा, आठव्या दिवशी २१ कसे.

औषध पोचतंय का? निळीचं पाणी

पाठीवरचा १६ लिटरचा पंप घेऊन एक मुलगा यायचा आणि पाऊण तासात सगळं आवार उरकायचा. मी एकदा हिशेब केला. घरातल्या भिंतीवर फवारताना जागतिक आरोग्य संघटनेचं माप चौरस मीटरला ४० मिली द्रावण असं आहे, म्हणजे १६ लिटरचा पंप ४०० चौरस मीटर सपाट भिंतीला पुरतो. आमची झाडी १५० मीटर लांब, दीड मीटर उंच. दोन्ही बाजू धरल्या तर नुसता बाहेरचा पृष्ठभागच ४५० चौरस मीटर होतो. म्हणजे भिंत समजून मारलं असतं तरी पंप अपुरा पडला असता, आणि झाडी ही भिंत नव्हे, आत पानांवर पानं आहेत. अळू-हेलिकोनियाचा वाफा, पामची रांग, मीटर रूममागचा कोपरा हे सगळं वेगळंच.

मग निळीचा प्रयोग केला. कपड्यांना घालतो ती नीळ पाण्यात गडद कालवली. पांढऱ्या कागदाचे बोटभर तुकडे झाडीत वेगवेगळ्या ठिकाणी पानांच्या खालच्या बाजूला स्टेपल केले: काही बाहेर, काही हातभर आत, काही जमिनीलगत. त्या मुलाला म्हटलं, "दादा, आज औषध नको, हे पाणी नेहमीसारखं मार." त्याने मारलं. बाहेरच्या कागदांवर निळे ठिपके दाट आले. आतले कागद जवळजवळ कोरे होते. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचे तर सगळेच कोरे, आणि डास तिथेच जास्त बसतात. मुलाची यात काही चूक नव्हती. उभ्याने, वरून खाली, चालत चालत मारायचं असंच त्याला शिकवलं होतं. उरलेल्या पाण्यात तो आंब्याच्या शेंड्यापर्यंत पिचकारी मारायचा, कारण ती लोकांना दिसते. एवढ्या उंचीवर आपल्याला काही साधायचं नसतं, माणसाच्या डोक्याच्या जरा वरपर्यंतचा झाडोरा नीट भिजला तरी पुरे.

यावर उपाय म्हणजे हवेच्या झोताचा ब्लोअर. नाशिककडचा कुठलाही द्राक्षबागायतदार सांगेल की हवेने पान उलटतं आणि तुषार खालच्या बाजूला बसतात. ब्लोअर नसेल तर साध्या पंपाचीच कांडी झाडीत खालून घालून नोझल वर करून मारायचं, पान ओलं चकचकीत होईपर्यंत, थेंब ओघळायच्या आत थांबायचं. आता आमच्याकडे एका फवारणीला ६० लिटरच्या आसपास द्रावण लागतं. लिटर वाढले म्हणजे औषध दाट केलं असं नाही. पाण्यातलं प्रमाण लेबलवर छापलेलंच ठेवायचं.

अळवाची तर वेगळीच गंमत. अळवावरचं पाणी ही म्हण आपण आयुष्यभर वापरतो, पण फवारणीचं बिल भरताना कोणाच्या डोक्यात येत नाही. औषधाचे थेंब त्या पानावर मोत्यासारखे घरंगळून जमिनीवर पडत होते, मी उभी राहून बघितलं. अशा मेणचट पानांसाठी द्रावणात स्टिकर, म्हणजे थेंब पानाला चिकटवून ठेवणारं द्रव, घालावा लागतो, शेतकरी घालतात तोच. कृषी सेवा केंद्रात मिळतो. आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघा, काही झाडांची पानं त्याने करपतात. आम्ही शेवटी अर्धं अळू काढूनच टाकलं. गौरी-गणपतीच्या फतफत्यापुरतं ठेवलं, आणि ते खायचं म्हणून त्यावर औषध मारत नाही.

पोचलेलं औषध मारतंय का? बरणीचा प्रयोग

"डासांना आता या औषधाची सवय झालीय" हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कोणीतरी म्हणतंच. खोटं नाही ते, प्रतिकारशक्ती आलेले डास सगळीकडे सापडतात. पण हा निष्कर्ष काढायची घाई करू नका, आधी बरण्या काढा.

लोणच्याच्या तीन रिकाम्या काचेच्या बरण्या, साबणाने धुऊन कोरड्या केलेल्या. हातमोजे घालून एकीत झाडीच्या बाहेरच्या बाजूची फवारलेली पानं तळाला आणि कडेने लावली. दुसरीत त्याच झाडीतली हातभर आतली पानं. तिसरीत कधीही न फवारलेल्या, दूरच्या रस्त्यावरच्या झाडाची. प्रत्येकीत दहा डास सोडले (ते कुठून आणले ते पुढे सांगते) आणि तोंडाला जुन्या ओढणीचं कापड बांधलं. अर्ध्या तासाने डास स्वच्छ बरण्यांत घालून साखरपाण्याचा कापूस ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजले. बाहेरच्या पानांवरचे दहापैकी नऊ उताणे. आतल्या पानांवरचे दोन. न फवारलेल्या पानांवरचा एक. ही तिसरी बरणी विसरू नका. तिच्यातलेही पुष्कळ मेले तर डास तुमच्या हाताळण्याने मेले, औषधाने नव्हे, आणि प्रयोग पुन्हा करावा लागतो. या बरण्यांत पुन्हा लोणचं घालायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण भांडण मिटवायला पुरली. औषध चांगलं होतं, पोचत नव्हतं. म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या.

तुमच्याकडे ताज्या, नीट भिजवलेल्या पानांवरही डास खुशाल बसून राहिले, तर मात्र औषध बदलायचा विचार करा. इथे एक फसगत होते. डब्यावरचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. मागचं बारीक अक्षर वाचा. डेल्टामेथ्रिन, सायफ्लुथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, बायफेन्थ्रिन अशी "थ्रिन"वर संपणारी सगळी एकाच घराण्यातली, सिंथेटिक पायरेथ्रॉइड. एकाला दाद न देणारा डास दुसऱ्यालाही बऱ्याचदा देत नाही. घरात रात्रभर चालणाऱ्या लिक्विडच्या बाटलीवरही पाहा, ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन असेल. तेही त्यातलंच. डासांना सवय लावायला आपण सगळ्यांनीच हातभार लावलाय म्हणायचा.

आठव्या दिवसाचं कोडं

पोचायचा प्रश्न सुटल्यावर पुढच्या वेळी २३ चे ३ झाले. ग्रुपवर माझं कौतुक झालं. नवव्या दिवशी १७.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी बागेत जाऊन बसले. बुधवारी माळीकाका कात्री घेऊन आले आणि त्यांनी झाडी सरळ रेषेत कापून काढली. दोन पोती भरली. त्या पोत्यांत आमचं चार दिवसांपूर्वीचं औषध होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, फवारणीवाले येऊन गेले की मगच कापतो. त्याआधी कापलं तर ते म्हणतात फांद्या पडल्यात, आम्हाला चालता येत नाही." म्हणजे ही पद्धत कित्येक वर्षांची, कोणाच्या तरी सोयीसाठी पडलेली. दुरंता पावसाळ्यात अशी फुटते की दहा दिवसांत नवी पोपटी पालवी सगळ्या झाडीला झाकते, आणि त्या पालवीवर औषधाचा कणही नसतो. ही पानं मी बरणीत घालून बघितली. दहाच्या दहा डास दुसऱ्या दिवशी टुणटुणीत.

दुसरी गोष्टही त्याच आठवड्यात दिसली. पाऊस उघडला की काका पाइप घेऊन झाडीवरूनच पाणी मारायचे, पानं धुतली की बाग टवटवीत दिसते म्हणून. पानावर वाळून बसलेलं पायरेथ्रॉइड एका सरीने निघून जात नाही, ते पानाच्या मेणात चांगलं धरून राहतं. पण रोज सकाळी जोराचा फवारा आणि दुपारी कडक ऊन म्हटल्यावर ते किती दिवस टिकणार? पावसाबद्दलही हेच. मारल्यावर निदान दोन तास कोरडं मिळालं पाहिजे, नंतरची एखादी भुरभुर चालते. पुण्यात असे दिवस निघतात. कोकणात, गोव्यात आषाढात झुडपांवर औषध मारणं म्हणजे ओल्या पाटीवर खडूने लिहिणं. तिथे ते पैसे अळ्यांच्या मागे लावावेत.

आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे, त्यामुळे पानांवर सिमेंटची धूळ बसते. थर धुळीवर बसला तर डासाचे पाय धुळीला लागतात, औषधाला नाही. म्हणून आता क्रम असा: शनिवारी कापणी, रविवारी पानं धुणं, सोमवारी संध्याकाळी कोरड्या पानांवर फवारणी, आणि त्यानंतर तीन आठवडे पाणी फक्त मुळाशी. काकांना हे पटवायला पंधरा मिनिटं लागली. समितीतल्या दोघांना पटवायला तीन बैठका लागल्या, कारण झाडी तीन आठवडे वाकडीतिकडी दिसते.

पुरवठा कुठून होतोय

हे सगळं केल्यावर आठव्या दिवसाचा आकडा ११ वर आला. तरी ११ कमी नाहीत. पाण्यातली अळी उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास होऊन बाहेर पडते. पानांवरचं औषध बसलेल्या डासाला मारतं. पण आजच जन्मलेला डास आधी आपल्याला चावून मग पानावर बसायला गेला, तर त्या मरणाचा आपल्याला काय उपयोग?

आमच्या बागेतला संध्याकाळचा डास जरा थोराड, काळपट, पोटाशी पांढरे पट्टे, आणि सोंड खाली वाकलेली. हा आर्मिजेरिस. अगदी घाण पाण्यात वाढतो, सेप्टिक टँक त्याचं माहेर. मी ठामपणे म्हणत होते की आपल्याकडे सेप्टिक टँकच नाही, सगळं ड्रेनेजला जोडलंय. मूळ रहिवाशांपैकी एक आजोबा म्हणाले, "जोडलंय, पण जुनी टाकी बुजवली कुठे?" ती मुलांच्या घसरगुंडीमागे निघाली, वर माती आणि क्रोटनच्या कुंड्या. तिचा व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू बाहेर सोडणारी नळी, भिंतीलगत दुसऱ्या मजल्यापर्यंत उभा, तोंड उघडं.

संध्याकाळी त्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधली. सकाळी काढली तेव्हा आत काळं झुंबर लटकल्यासारखं दिसत होतं. मी सत्तरपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. बरणीच्या प्रयोगाला डास इथूनच मिळाले. पाइपाला आता बारीक जाळी घट्ट बांधली आहे, झाकणांच्या फटी सिमेंटने बुजवल्या, आणि टाकी कायमची भरून टाकायचा ठराव पुढच्या सभेत आहे. हे काम झाल्यावर आकडा पंधरा दिवसांत ४ वर आला, तेही त्या काळात एकही नवी फवारणी न करता. सहा फवारण्यांच्या बिलात अशा जाळ्या आमच्या अख्ख्या गल्लीला बांधून झाल्या असत्या.

तुमचा डास वेगळा असू शकतो. रात्री झोपेत कानाशी गुणगुणणारा, मातकट रंगाचा क्युलेक्स नाल्यातून, नदीतून येतो, आणि तो किलोमीटरच्या वर अंतर सहज कापतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात नदीकाठी त्याचा सुळसुळाट असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे नदीवर फिरणाऱ्या किड्यांच्या भोवऱ्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. अशा वेळी आपल्या कुंपणावरच्या औषधाने थोडा अडथळा होईल, बंदोबस्त होणार नाही. तो महापालिकेच्या जलपर्णी काढण्याने आणि नाला वाहता ठेवण्याने होतो, त्यासाठी तक्रार नोंदवत राहावं लागतं. आणि हो, दिव्याभोवती ढगासारखे घोंघावणारे सगळेच डास नसतात. सोंड नसलेले, न चावणारे हिरवट किडेही त्यात भरपूर असतात.

बागेत शांत, घरात दिवसा चावतात

ही वेगळीच केस आहे आणि हिच्यासाठी बाग फवारू नका. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा घोट्याला चावणारा एडिस इजिप्ती हा डेंग्यूचा मुख्य वाहक. तो झुडपात कमी आणि घरात जास्त बसतो: पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवर टांगलेल्या काळ्या कपड्यांत. त्याची पैदासही घरातच, आणि तो बहुधा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. बी विंगमध्ये दोघांना डेंग्यू झाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे फवारणीचा तगादा लावला. मी टॉर्च घेऊन घरोघर गेले. फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनी प्लँटच्या बाटलीत, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात अळ्या वळवळत होत्या. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं ते याच हिशेबाने, अळीचा डास व्हायच्या आत पाणी ओतलं जावं म्हणून. ताटलीची कड ब्रशने घासा, अंडी कोरड्या कडेलाही चिकटून महिनोन्महिने तग धरतात.

या एडिसचाच भाऊ एडिस अल्बोपिक्टस मात्र झुडपातला. झाडांच्या ढोलीत, करवंट्यांत, हेलिकोनियाच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात वाढतो. फार्महाऊसवर दिवसा बागेतच चावत असतील तर बहुधा तोच, आणि त्याच्यावर पानांवरची फवारणी चांगली लागू पडते.

कुठे मारायचं नाही

तुळस, कढीपत्ता, गवती चहा, लिंबू. सोसायटीच्या बागेत या चार गोष्टी असतातच आणि सकाळी कोणीतरी पानं खुडून नेतंच. आम्ही त्यांना लाल फीत बांधली आहे. फुलावर आलेल्या झाडावर मारायचं नाही, ही औषधं मधमाश्यांना घातक आहेत. झाडीला फुलं असतील तर आधी कापा. वेळ संध्याकाळची, मधमाश्या घरी गेल्यावर आणि वारा पडलेला असताना. पाण्यातल्या माशांना तर ही औषधं अगदी थोडीही सोसत नाहीत. कमळाच्या कुंडात गप्पी सोडले असतील तर ते कुंड झाका आणि त्याच्या आसपास मारूच नका, नाहीतर फुकटात अळ्या खाणारे गडी आपणच मारू. मांजरांनाही ती बाधतात. पानं पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि पाळीव प्राणी बागेत नकोत.

फवारणाऱ्याला हातमोजे, मास्क, चश्मा आणि पूर्ण कपडे द्या, आणि तो ते घालतोय हे बघा. त्वचेवर उडालं तर चेहऱ्याला मुंग्या येतात, जळजळ होते. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशी फवारताना कितीतरी शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले. औषधं वेगळी होती, पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर, मिश्रणं करून फवारायची सवय तीच. म्हणून कोणी "गावाकडचं कडक औषध आणतो" म्हणालं तर साफ नकार द्या. शेतीच्या डब्यातलं औषध राहत्या आवारात मारायचं नसतं. परवाना आणि डब्यावरचं लेबल मागून बघा. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कालवलेलं औषध त्याच दिवशी संपवायला सांगा. अल्कधर्मी पाण्यात ते लवकर निकामी होतं, आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी तसंच असतं.

या वर्षीचा करार

नवीन करारात "महिन्यातून दोनदा फवारणी" हे वाक्य आम्ही काढून टाकलं. त्याऐवजी असं लिहिलं: माझ्या बाकावरचा आकडा सलग तीन संध्याकाळी दहाच्या वर गेला तरच बोलावणार. आल्यावर औषधाचं नाव, प्रमाण आणि वापरलेले लिटर वहीत लिहून सही. दोन तासांत पाऊस आला तर पुन्हा फुकट. ही शेवटची अट त्यांनी कुरकुरत मान्य केली, म्हणून फवारायच्या दिवशी हवामानाचा अंदाज ते माझ्याआधी बघतात. जूनपासून आतापर्यंत दोन फवारण्या झाल्या. कालचा आकडा ५.

व्हेंट पाइपाची जाळी मात्र दोनदा बदलावी लागली. एकदा वाऱ्याने गेली, आणि एकदा कावळ्यांनी घरट्यासाठी नेली. आता तारेने आवळून बांधली आहे, आणि महिन्याच्या एक तारखेला वॉचमनकाका शिडी लावून बघतात.